नवीन ओएस टाकली आणि कंपायलर गायब? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ टाकायचं तर टीपीएम २.० लागतं, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. दादाकडून आलेला किंवा सेकंडहँड घेतलेला लॅपटॉप या अटीत बऱ्याचदा बसत नाही. मग कुणी त्यावर उबंटू टाकतं, कुणी लिनक्स मिंट. जमत असेल तर कुणी सरळ नवा लॅपटॉप घेतं.

पुढचा अनुभव मात्र सारखाच. छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगर-गारखेडा भागात खोली करून राहणारा बीसीएसचा विद्यार्थी असो की पुण्याच्या हॉस्टेलमधली इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी. सी चा प्रोग्रॅम लिहिला, रन केला आणि स्क्रीनवर आलं, 'कमांड जीसीसी नॉट फाउंड'. सबमिशन उद्यावर आलेलं असेल तर इथेच घाम फुटतो. मग रात्री अकराला 'टर्बो सी फ्री डाउनलोड' असा सर्च होतो, किंवा मित्र सल्ला देतो, "ओएस नीट बसली नाही, परत फॉरमॅट मार."

थांबा. ओएस बहुतेक वेळा नीटच बसलेली असते. कंपायलर 'नाही' याचे तीन अर्थ निघतात. एक, तो टाकलेलाच नाही. दोन, टाकलाय पण कम्प्युटरला सापडत नाही. तीन, सापडतोय पण अर्धवट आहे. तिन्हींची एरर वेगळी आणि उपायही वेगळा.

मुळात तो ओएससोबत येत का नाही?

कंपायलर म्हणजे गिरणी. तुम्ही लिहिलेला कोड हे धान्य, प्रोसेसरला लागतं पीठ. व्हीएस कोड हा दळणाचा डबा आहे. कितीही चकचकीत डबा घेतला तरी त्यात दळण होत नाही. नव्या लॅपटॉपवर व्हीएस कोड टाकला, त्यात सी चं एक्स्टेन्शनही टाकलं, तरी गिरणी वेगळी आणावीच लागते. सगळ्यात जास्त गोंधळ याच ठिकाणी होतो.

पूर्वी असं नव्हतं. युनिक्स ही ओएस १९७३ मध्ये सी भाषेत नव्याने लिहिली गेली आणि तिच्यासोबत सी चा कंपायलर यायचाच. पुढे सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९२ च्या सुमारास आपली ओएस बदलून सोलारिस २ आणली आणि कंपायलर त्यातून काढून वेगळा विकायला ठेवला. नव्या सिस्टिमवर लोकांनी सवयीने 'सीसी' टाइप केलं की उत्तर यायचं, 'लँग्वेज ऑप्शनल सॉफ्टवेअर पॅकेज नॉट इन्स्टॉल्ड'. थोडक्यात, हा वेगळा घ्या. वैतागलेल्या लोकांनी मग जीसीसीची वाट धरली. रिचर्ड स्टॉलमन यांनी सुरू केलेला हा फुकट आणि खुला कंपायलर १९८७ पासून उपलब्ध होता. गंमत अशी की जीसीसी स्वतः बनवायलाही आधी कंपायलर लागतो, म्हणून कुणीतरी तयार करून ठेवलेली जीसीसी मिळवावी लागायची.

आज उबंटूमध्ये तो आधीपासून नसतो याचं कारण साधं आहे. ब्राउझर आणि सिनेमा एवढ्यासाठी लॅपटॉप वापरणाऱ्याला त्याची गरज नाही. विंडोजसोबत तर सी चा कंपायलर कधी येतच नव्हता.

उबंटू किंवा मिंट असेल तर

हे प्रकरण पाच मिनिटांचं आहे. टर्मिनल उघडा आणि आधी 'सुडो ॲप्ट अपडेट', मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल' या कमांड द्या. (इथे वाचायला देवनागरीत लिहिलंय, टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं वापरा.) पासवर्ड विचारला जाईल. तो टाइप करताना काही सिस्टिमवर स्क्रीनवर काहीच दिसत नाही, ठिपकेही नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नाही, टाइप करून एंटर दाबा.

नुसतं 'जीसीसी' न टाकता 'बिल्ड-इसेन्शियल' का? कारण या एका पॅकेजमध्ये सी चा कंपायलर, सी++ चा कंपायलर, 'मेक' हे टूल आणि हेडर फाइल्स असं सगळं येतं. कंपायलर आहे पण 'एसटीडीआयओ डॉट एच: नो सच फाइल' अशी एरर येतेय, म्हणजे तिसरा प्रकार: गिरणी आली, पण हेडर फाइल्स राहिल्या. उपाय हाच.

ओएस नुकतीच टाकली असेल तर 'कुड नॉट गेट लॉक' असंही दिसू शकतं. बहुतेक वेळा मागे आपोआप अपडेट चालू असतो, म्हणून तसं येतं. चहा पिऊन या आणि पुन्हा कमांड द्या. लॉकची फाइल डिलीट करायचे सल्ले नेटवर भरपूर आहेत, त्या नादी लागू नका.

विंडोजवर अडतं ते दोन ठिकाणी

विंडोजवर जीसीसी आणायचा एक चांगला मार्ग म्हणजे एमएसवायएस२. पण हा सेटअप पूर्ण झाला म्हणजे कंपायलर आला असं नाही. तो फक्त आणणारा आहे. त्याची स्वतःची काळी खिडकी उघडून 'पॅकमन' या कमांडने जीसीसीचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं. नेमकी कमांड एमएसवायएस२ च्या अधिकृत साइटवर पहिल्याच पानावर आहे.

एवढं करूनही 'जीसीसी इज नॉट रेकग्नाइज्ड ॲज ॲन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड' असं आलं, तर तो दुसरा प्रकार. कंपायलर घरात आहे, पण विंडोजला पत्ता माहीत नाही. तुम्ही कमांड दिली की विंडोज अख्खी डिस्क शोधत बसत नाही. 'पाथ' नावाच्या यादीत जे फोल्डर लिहिलेत, मुख्यतः तेवढेच बघते. स्टार्टमध्ये 'एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल्स' शोधा, 'पाथ' निवडा, 'एडिट' आणि मग 'न्यू' करून जीसीसी ज्या 'बिन' फोल्डरमध्ये आहे त्याचा पत्ता टाका. आधीच्या ओळी पुसू नका, नाहीतर दुसऱ्याच गोष्टी बंद पडतील. आणि महत्त्वाचं, आधीपासून उघडी असलेली टर्मिनल विंडो आणि व्हीएस कोड पूर्ण बंद करून परत उघडा. जुन्या खिडकीकडे जुनीच यादी असते. सगळं बरोबर करून फक्त एवढ्यासाठी तासभर डोकं धरून बसणारे कमी नाहीत.

तपासायचं कसं? 'जीसीसी', मग एक स्पेस, मग दोन आडव्या रेघा आणि 'व्हर्जन'. आवृत्तीचा आकडा दिसला की झालं.

मॅक वापरणाऱ्यांसाठी एका ओळीत: ओएस अपग्रेडनंतर 'इनव्हॅलिड ॲक्टिव्ह डेव्हलपर पाथ' आलं, तर 'एक्सकोड-सिलेक्ट' आणि पुढे दोन रेघांसह 'इन्स्टॉल' ही कमांड द्या.

आणि टर्बो सी?

महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांची सी शी ओळख त्या निळ्या स्क्रीनवरच झाली. बोरलँड कंपनीचं टर्बो सी १९८७ चं, म्हणजे डॉसच्या काळातलं. ते १६-बिट आहे. ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्रॅम चालवतच नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येते. म्हणून 'धिस ॲप कान्ट रन ऑन युवर पीसी' हा मेसेज येतो. 'विंडोज ११ साठी टर्बो सी' म्हणून जे मिळतं ते सहसा डॉसबॉक्स या एम्युलेटरमध्ये गुंडाळलेलं तेच जुनं सॉफ्टवेअर असतं. अनोळखी साइटवरून ते घेताना सोबत आणखी काय येईल याची खात्री नाही.

खरी अडचण त्यापुढे आहे. टर्बो सी मध्ये चालणारा कोड जीसीसीला द्या, एररची रांग लागेल. 'कोनिओ डॉट एच' लिनक्सवर नाहीच. 'सीएलआरएससीआर' एमएसवायएस२ च्या जीसीसीमध्येही नाही. सी++ मध्ये 'व्हॉइड मेन' लिहिलं तर कंपायलर ठाम नकार देतो, तिथे 'इंट मेन' लागतं. 'आयओस्ट्रीम डॉट एच' मधलं 'डॉट एच' काढावं लागतं. २०२४ मध्ये आलेली जीसीसीची १४ वी आवृत्ती तर आणखी कडक आहे. हेडर न जोडता फंक्शन वापरलं तर आधीच्या आवृत्त्या सी मध्ये बहुतेक वेळा फक्त वॉर्निंग देऊन पुढे जायच्या, आता थेट एरर येते.

उत्तरंही बदलतात. टर्बो सी मध्ये 'इंट' २ बाइटचा, त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. ४०,००० ठेवून प्रिंट केलं तर उणे २५,५३६ दिसतं. आजच्या जीसीसीमध्ये 'इंट' ४ बाइटचा, तिथे ४०,००० नीट दिसतात. व्हायवामध्ये 'इंट किती बाइटचा' असं विचारलं तर "कंपायलरवर अवलंबून आहे, सर" हे बरोबर उत्तर आहे. सरांकडे जुनी नोट्सची वही असेल तर थोडी चर्चा होईल, ती होऊ द्या.

आज रात्री काहीच जमलं नाही आणि सकाळी प्रोग्रॅम दाखवायचाच आहे, तर ब्राउझरमधला ऑनलाइन कंपायलर वापरा. तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्या सर्व्हरवर जीसीसीच चालवतो, मोबाइलवरही उघडतो. आणि उबंटूवर जीसीसी वापरून सी शिकायचंय, तेही मराठीतून, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे व्हिडिओ फुकट आहेत. त्यातली उबंटूची आवृत्ती जुनी दिसेल, कमांड मात्र अजून त्याच आहेत.