पडसे आणि आमच्या सासूबाई

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरात पहिला आवाज होतो तो फटाक्याचा नव्हे, शिंकेचा! कर्जतसारख्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. आश्विन सरत आला की इकडची हवा मोठी लहरी होते. दुपारी पंख्यावाचून बसवत नाही, आणि पहाटे घाटावरून गार वारा उतरू लागला की एक चादर पुरत नाही. त्यातच भाताची कापणी-झोडणी चाललेली. तिची बारीक धूळ हवेत तरंगत असते. अशा वेळी काळोखात उटणे लावून न्हाणीघरात बसायचे! पहिली आंघोळ घरातल्या कर्त्या पुरुषाची आणि पहिली शिंकही त्याचीच, असा जणू आमचा कुळाचारच होऊन बसला आहे.

मी मराठी शिकवते. त्यामुळे घरात कुणी शिंकले तरी माझे लक्ष आधी शब्दाकडे जाते. 'पडसे' हा दिसायला अगदी घरगुती शब्द. पण त्याचे घराणे मोठे आहे. आयुर्वेदातल्या 'प्रतिश्याया'चा हा वंशज. इटालियन लोकांनी 'इन्फ्लुएंझा' म्हणून आकाशातल्या ताऱ्यांच्या प्रभावावर खापर फोडले. आपण वाऱ्याला आणि थंड पाण्याला बोल लावला. खरे गुन्हेगार निराळेच निघाले. पडसे आणणारे विषाणू दोनशेहून अधिक जातींचे आहेत. त्यांतला मुख्य जो ऱ्हायनोव्हायरस, तो 1956 साली प्रथम हाती लागला. करोनाच्या कुळातले चार विषाणूही साधे पडसेच आणतात. त्यांचा भाऊबंद 2020 साली केवढा उत्पात करून गेला, हे आपण सारे जाणतोच.

इंग्लंडमध्ये सॉल्सबरी गावी 1946 साली नुसत्या पडशाच्या अभ्यासासाठी एक केंद्र निघाले होते. धडधाकट माणसे दहा दिवस फुकट राहायला-जेवायला मिळते म्हणून तेथे जात आणि आपल्या नाकात पडशाचे थेंब घालून घेत! काहींना भिजवून वाऱ्यात उभे केले गेले; पण तेवढ्याने कुणाला अधिक पडसे झाले नाही. चार दशकांहून अधिक काळ खटपट करूनही पडशावर रामबाण औषध काही सापडले नाही. आमचे हे दिवाळीत शिंकतात ते अभ्यंगस्नानामुळे नसून, आदल्या एक-दोन दिवसांत लोकलच्या गर्दीत कुणीतरी त्यांना तो प्रसाद दिलेला असतो. कर्जत ते मुंबई हा शंभर किलोमीटरांचा प्रवास. प्रसाद पोहोचायला वेळ भरपूर!

पण हे सारे सासूबाईंपुढे सांगण्याची सोय नाही. त्यांचे माहेर खालापूर तालुक्यात, महडच्या वरदविनायकाजवळ. तेथून त्या आल्या त्या बटवा घेऊनच. सुंठ, मिरी, ज्येष्ठमध, ओवा, वेखंड, हळकुंड. आणि परसात तुळस, गवती चहा व अडुळसा. त्यांचा काढा असा: चार कप पाणी, बोटाच्या पेराएवढे ठेचलेले आले, सात-आठ तुळशीची पाने, चार मिरी, गवती चहाच्या दोन पाती आणि ज्येष्ठमधाची एक कांडी. पाणी निम्मे होईतो उकळायचे आणि गूळ घालून गरम गरम प्यायचे. रात्री तव्यावर भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी हुंगायला, आणि जेवायला कुळथाचे कढण. शेजारच्या काकी तर पावसाळ्यात मुठ्यांचा झणझणीत रस्सा धाडतात. त्याने नाक मोकळे होते की नाही ते ठाऊक नाही, पण वाहते मात्र खरे!

आणि बाम तर हवाच. बामने आमच्या या मुलखात एका पुलाचेसुद्धा बारसे केले होते. काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी 1893 साली मुंबईत 'अमृतांजन' सुरू केले. पुढे भोर घाटातल्या 1830 सालच्या जुन्या पुलाला तेथल्या त्याच्या जाहिरातीवरून 'अमृतांजन पूल' असेच नाव पडले. 2020 च्या एप्रिलमध्ये तो पाडला गेला, तरी खोपोलीहून घाट चढताना सासूबाई अजून ती जागा दाखवतात.

या उपायांनी पडसे बरे होते का? प्रामाणिक उत्तर असे की, नाही. ते आपल्या पावलांनी येते आणि सात-दहा दिवसांत आपल्या पावलांनी जाते. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो. अँटिबायोटिक गोळ्यांचाही विषाणूंपुढे इलाज चालत नाही, त्या जिवाणूंवरच्या. मग काढा का घ्यायचा? तर त्या सात दिवसांत जीव सुखावतो म्हणून. गरम पेयाने घसा निवतो, मिठाच्या गुळण्यांनी खवखव कमी होते, मधाने रात्रीचा खोकला थोडा थांबतो. अडुळशाची थोरवी तर शास्त्रानेही मानली आहे: त्यातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झाले.

येथवर सारे गमतीचे. पण गेल्या सालच्या दिवाळीत जे घडले ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा करणे मला बरे वाटत नाही.

त्या वर्षी घरातले सगळे पाळीपाळीने आडवे झाले. सासूबाईंनी प्रत्येकाच्या उशाशी काढा नेला. पाडव्याला त्या स्वतः शिंकू लागल्या. "मला काय धाड भरली आहे? पडसंच आहे!" म्हणून कामाला लागल्या. चार दिवसांनी उतारही पडला. सहाव्या दिवशी मात्र ताप उलटला. जेवण नको म्हणाल्या, रात्री आडवे न होता बसून राहिल्या. मी काढा केला. इतक्या वर्षांत त्यांनी प्रथमच मला तो करू दिला, याचाच मला केवढा अभिमान! दोन दिवस मी इमानाने तुळशीची पाने मोजून घालीत होते. आठव्या दिवशी सकाळी त्यांनी मला त्यांच्या कधीच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. माझ्या हातातला कप तसाच राहिला. घड्याळ समोर ठेवून मी त्यांचे श्वास मोजले. मिनिटाला बत्तीस!

न्यूमोनिया होता. आठ दिवस प्राणवायू लावावा लागला. डॉक्टर रागावले नाहीत; एवढेच म्हणाले, "बरं वाटू लागल्यावर ताप उलटला, तेव्हाच आणायला हवं होतं." त्या आठ दिवसांत मला पुनःपुन्हा एकच वाटे: मी पाने मोजली, श्वास मोजले नाहीत.

म्हणून वाचक भगिनींना व बंधूंना चार गोष्टी कळकळीने सांगते. मोठ्या माणसाचा श्वास एरवी मिनिटाला बारा ते वीस वेळा चालतो. तो तिसाच्या घरात गेला, छातीत दुखू लागले, ओठ निळसर झाले किंवा म्हातारे माणूस असंबद्ध बोलू लागले, तर तत्काळ दवाखाना गाठावा. ताप तीन दिवसांवर टिकला किंवा उतरून पुन्हा चढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मुलांचे श्वास ते शांत असताना पुरे मिनिटभर मोजावेत. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला पन्नास वा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचा चाळीस वा अधिक झाला, तर वाट पाहू नये. दोन महिन्यांच्या आतले तान्हे असेल तर घरचे उपाय करीत बसूच नये. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचे बोटसुद्धा चाटवू नये, त्याच्या नाकात तेल सोडू नये. कापूर लहान मुलांपासून दूरच ठेवावा, आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यापाशी मुलांना वाफ घ्यायला बसवू नये. पडसे परवडले, भाजणे नको.

सासूबाई बऱ्या होऊन घरी आल्या. खुर्चीवर टेकताच पहिले वाक्य काय म्हणाल्या असतील? "अगं सूनबाई, तुझ्या काढ्यात मिरी कमी होती हो!" मी हसले, आणि स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसले.

आता त्यांच्या बटव्यात सुंठ-वेखंडाच्या जोडीला तापमापक आहे. परवा शेजारच्या काकींची सून नातवाला पडसे झाले म्हणून ओवा मागायला आली. सासूबाईंनी ओवा दिला, पुडी बांधता बांधता भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केले, आणि म्हणाल्या, "हे शेक हो, पण आधी त्याला मांडीवर घे, आणि श्वास मोज."