गिरणी आणि नगरसत्ता

विलायतेंतील मँचेस्टर शहर कापसानें वाढलें. तरी तेथें जहागिरीच्या काळचे जुने हक्क शाबूत होते. १८३८ सालीं तेथील लोकांनीं नगरसभेची सनद मिळविली व १८४६ सालीं त्या सभेनें जहागिरदाराचे हक्क २ लक्ष पौंडांस विकत घेतले.

आमच्या नागपुरास १८६४ सालीं म्युनिसिपालिटी, १८६७ सालीं आगगाडी आणि १८७७ सालीं जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल लाभली. मात्र १९३६ च्या कायद्यानें सरकारनियुक्त अध्यक्षाचा नगर सुधार प्रन्यास आला. १९५१ सालीं महापालिका झाली, तरी एका शहरास दोन धनी राहिले. पुढें २०२२ सालीं सभासदांची मुदत संपली, तेव्हां निवडणूक वेळेवर न होतां कारभार प्रशासकाच्या हातीं गेला.

२००२ सालीं एम्प्रेस मिल बंद पडली, त्याची हळहळ घरोघरीं झाली. लोकनियुक्त सभा बंद पडली, तेव्हां कितीजण हळहळले? दुकानाची किल्ली मुनिमाच्या हातीं देऊन वर्षानुवर्षें खातेवही न पाहणाऱ्या व्यापाऱ्यास आम्ही शहाणा म्हणत नाहीं. मग कर भरून हिशेब न विचारणाऱ्या नगरवासीयांस काय म्हणावें? मँचेस्टरनें हक्क रोख मोजून घेतले. आम्हांस ते केवळ जागरूकतेनें राखावयाचे आहेत.