दूध डेअरीला घालायचं की घरोघरी? आधी हिशेब करा

1 जुलै 2024 पासून राज्य सरकारने 3.5 फॅट, 8.5 एसएनएफच्या गाय दुधाला लिटरमागे 30 रुपये दर आणि 5 रुपये अनुदान ठरवलं होतं. अनुदान फक्त डेअरीला घातलेल्या दुधालाच होतं.

समजा, तेच दूध चिखली किंवा मेहकरात घरपोच 50 रुपयांनी गेलं. 10 लिटरमागे 35 च्या हिशेबाने रोज 150 रुपये जास्त. पण पेट्रोल, बुडालेली उधारी अन् न खपलेलं दूध त्यातूनच भरून काढावं लागतं.

म्हणून घरच्या दोन-चार गायींचं सगळं दूध एकदम वळवू नका. सकाळच्या दुधाचा रतीब लावा, संध्याकाळचं डेअरीला चालू ठेवा. खातं तुटलं तर उरलेलं दूध न्यायचं कुठं? विक्रीआधी अन्नसुरक्षा नोंदणीचं काम मात्र विसरू नका.