हंगाम सरला, आता घर आणि ग्रंथ

२० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर सुरू झालेला आमच्या कार्यकर्त्यांचा हंगाम २६ जूनला राजर्षी शाहू महाराजांची जयंती केल्याशिवाय थांबत नाही. मधे ११ एप्रिलला महात्मा फुले, १४ एप्रिलला बाबासाहेब, मग बुद्ध पौर्णिमा, २७ मे रोजी माता रमाईंचा स्मृतिदिन. आणि जयंती १४ एप्रिललाच संपते असे ज्याला वाटते त्याने आमची खेडी पाहिलेली नाहीत. एका गावची मिरवणूक १४ तारखेला, शेजारच्या गावची २० ला, आणि तिसऱ्या गावची पोरे मुंबई-पुण्याहून सुट्टीत येतात म्हणून त्यांची मेअखेर. वक्ते मोजके, गावे चाळीस! एसटीच्या मागच्या बाकावर झोप, कार्यकर्त्याच्या घरी पिठलं-भाकरी, आणि पहाटे पुढची गाडी. या हंगामाबद्दल आमची तक्रार नाही. त्याच्याच जोरावर चळवळ खेड्यापाड्यांत जिवंत आहे.

पण आषाढ पौर्णिमा आली की भिक्खू संघ वर्षावासाला बसतो. पावसाळ्यात फिरताना कोवळी पिके आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार तथागतांपर्यंत गेली आणि त्यांनी तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला, असे विनयात सांगितले आहे. चिवर न घातलेल्या कार्यकर्त्यानेही या तीन महिन्यांत एका जागी बसावे, असे आम्हाला वाटते. फिरताना त्याच्याही पायाखाली काही कोवळे तुडवले जात असते, आणि ते बहुधा त्याच्याच घरातले असते.

जून-जुलै म्हणजे प्रवेशाचे दिवस. मुलगी बारावी सायन्स झाली, अभियांत्रिकीला जायचे म्हणते. जात वैधता प्रमाणपत्र पाहिजे. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा पाहिजे. आजोबांच्या शाळेचा दाखला, नाहीतर गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदीची नक्कल. आजोबा शाळेत गेलेलेच नसतील तर चुलत आजोबा शोधा. तालुक्याला चार चकरा, तहसीलच्या व्हरांड्यात उभे राहणे, शपथपत्र, झेरॉक्स. हे करते कोण? बहुतेक घरांत त्या मुलीची आई करते, रोज बुडवून. आणि बाप त्या वेळी कुठल्या तरी गावच्या मंडपात राखीव जागांवर तासभर बोलत असतो. भाषण उत्तमच होत असेल! पण ज्या हक्काची तो गावाला आठवण देतो, तो हक्क त्याच्या घरात एका कागदावाचून अडलेला असतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाचीही हीच कथा. अर्ज ऑनलाइन झाले म्हणून घरच्या बाईची चक्कर चुकली नाही. ती आता सायबर कॅफेच्या रांगेत उभी असते.

चळवळीसाठी घरावर तुळशीपत्र ठेवावेच लागते, असे काही जण आम्हाला ऐकवतात आणि वर बाबासाहेबांचा दाखला देतात. त्यांनी ३ फेब्रुवारी १९२८ चा 'बहिष्कृत भारत' काढून पाहावा. पत्र चालवण्यासाठी समाजाकडे मदत मागताना बाबासाहेबांनी त्यात रमाईंविषयी लिहिले आहे. आपण परदेशी असताना प्रपंचाचा भार तिने वाहिला, परत आल्यावर हलाखीत शेणीचे भारे डोक्यावर आणायलाही ती लाजली नाही, आणि अशा बाईसाठी आपल्याला चोवीस तासांतला अर्धा तासही देता येत नाही, असा त्याचा आशय आहे. ध्यानात घ्या, हे त्यांनी खासगी पत्रात लिहिलेले नाही, चळवळीच्या वर्तमानपत्रात छापले. रमाईंचे ऋण त्यांनी समाजाच्या हिशेबात मांडले. आमच्या किती कार्यकर्त्यांनी व्यासपीठावरून असा हिशेब दिला? 'सौ.ची साथ मोलाची' हे वाक्य सत्काराच्या दिवशी म्हणतात. आम्ही त्याला हिशेब मानत नाही.

दुसरा दाखला 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथातला. सिद्धार्थ मध्यरात्री झोपलेल्या बायको-मुलाला सोडून चोरपावलांनी निघून गेला, ही परंपरेतली गोष्ट बाबासाहेबांनी नाकारली. त्यांच्या ग्रंथात शाक्य आणि कोलीय यांचे भांडण रोहिणी नदीच्या पाण्यावरून आहे, शाक्य संघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ विरोध करतो आणि परिव्रज्या पत्करतो. पण आधी घरी येतो. आई-वडिलांना सांगतो, मग यशोधरेकडे जातो. ती रडून वाट अडवत नाही. त्याचा निर्णय तपासते, योग्य ठरवते, संमती देते, आणि राहुलला सांभाळायचे नसते तर आपणही परिव्रज्या घेतली असती असे सांगते. गृहत्यागाचा प्रश्न बाबासाहेबांनी असा घरात बसून, बोलून सोडवलेला दाखवला आहे. आणि आमच्याकडे? बाप चार दिवस कुठे गेला आहे, हे घरच्यांना कार्यक्रमाच्या पत्रिकेवरून कळते.

कामाचे फार सांगत नाही. नोकरदाराच्या रजा संपलेल्या, शेतकऱ्याची पेरणी डोक्यावर, दुकानदाराची उधारी थकलेली. ते ज्याचे त्याला ठाऊक. एक मात्र सर्वांनी आत्ताच करावे. जयंतीच्या वर्गणीचा जमाखर्च विहाराच्या फलकावर लावावा, डीजेच्या आकड्यासकट.

राहिले वाचन. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर आमचा माणूस पिशव्या भरून पुस्तके नेतो, याचा आम्हाला अभिमान आहे. पुढे काय होते? १९७९ पासून शासनाने काढलेले बाबासाहेबांचे खंड काचेच्या कपाटात जातात आणि कपाटाची किल्ली हरवते. ज्यांना भाषणे द्यायची असतात ते तीच पाच वाक्ये पंधरा वर्षे म्हणतात. वर्षावासात विहारोविहारी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'चे वाचन होते, तिथे सतरंजीवर बायाच अधिक दिसतात. वक्ते पुरुष बाहेर टपरीवर राजकारण बोलत उभे. ग्रंथाचे आठ खंड आहेत. आठवड्याला एक घेतला तरी ते संपून चार-पाच आठवडे उरतात. त्यात ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) वाचावे, बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) वाचावे. बेबीताईंनी ते घरच्यांपासून लपवून लिहिले होते, चळवळीतल्याच घरात! हे पुस्तक नवऱ्याने मोठ्याने वाचावे आणि बायकोने ऐकावे, मग अदलाबदल करावी.

आमच्याकडे श्रावणातल्या व्याख्यानांची निमंत्रणे येऊ लागली आहेत. १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे यांची जयंती आहे, ती आमच्या वस्तीतच करू आणि रात्री घरी जेवायला येऊ. दीक्षाभूमीला यंदा सहकुटुंब जायचे ठरले आहे. बाकीच्या तारखा मित्रांनी अश्विन पौर्णिमेनंतरच्या मागाव्यात.