बोलण्यासाठी टाकलेली तार

१५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमाने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा त्याची सुरुवात महानगरांतून झाली. मुंबईकराने घरच्या फोनवरून नंबर फिरवला की तो स्थानिक कॉल. दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासात राहणाऱ्याने तोच नंबर फिरवला की एसटीडी, म्हणजे परगावचा महाग कॉल. हवेलीचा टेलिफोन कोड ०२६०, तोच वापीचा आणि तोच दमणचा. टेलिफोनच्या नकाशावर हवेली गुजरातेत होती, तिथल्या पुष्कळ कारखान्यांची हेड ऑफिसं मुंबईत होती आणि या दोन्हींच्या मधे पल्स पडत होता. पल्स म्हणजे एका कॉलच्या पैशात मिळणारा वेळ: स्थानिक कॉलला तो काही मिनिटांचा. एसटीडीचा पल्स काही सेकंदांचा. संगणक तोच, मोडेम तोच, तारही तीच. पण इंटरनेट कुणाला परवडेल हे त्या पल्सने ठरवलं. डायल-अपचा, म्हणजे फोन लावून मिळणाऱ्या इंटरनेटचा, इतिहास लिहिताना लोक वेगाबद्दल लिहितात. सीमेवरच्या गावांपुरता तरी तो पल्सचा इतिहास आहे.

करसवलतींमुळे आमली, पिपरिया, नरोली या पट्ट्यात प्लास्टिकचे आणि सिंथेटिक धाग्याचे कारखाने उभे राहिले होते. त्यांच्या ऑफिसात मोडेम आधी आला तो फॅक्ससाठी. ऑर्डर, चलन, दरपत्रक मुंबईला पाठवायचं असेल तर रात्री अकरापर्यंत थांबायचं, कारण अकरानंतर एसटीडीला पाव दर लागायचा. एसटीडी बूथवर रात्री गर्दी का व्हायची हे त्या काळातल्या माणसाला सांगावं लागत नाही. घरोघरी संगणक आले ते नंतर, आणि बहुतेक असेंबल केलेले: वापीहून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे, पांढरट कॅबिनेटमध्ये बसवायचे, वर विंडोज ९५ किंवा ९८ चढवायचं. मोडेम सहसा त्या खरेदीत नसायचा. वर्षभराने जुन्या झालेल्या मशिनला तो जोडला जायचा, आणि खरी मेहनत तिथेच सुरू व्हायची.

मोडेम नेमकं काय करतो? टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी टाकलेली आहे. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा तिच्यातून नीट जातो. बोलणं कळायला तो पुरतो. संगणकाजवळ आवाज नाही, नुसते शून्य आणि एक आहेत. मोडेम त्या आकड्यांना तारेला पचेल अशा सुरांत बसवतो आणि पलीकडचा मोडेम त्या सुरांतून पुन्हा आकडे काढतो. तार बदलायची नाही, खांब नवे नाहीत, रस्ता खणायचा नाही. १९५८ला अमेरिकेच्या हवाई संरक्षणाच्या रडारजाळ्यात हे तंत्र वापरात आलं, १९६२च्या बेल १०३ने सेकंदाला ३०० बिट पाठवले आणि १९९८ला ५६ के मानक ठरलं. म्हणजे त्याच तांब्यातून छत्तीस वर्षांत जवळजवळ दोनशेपट काम काढून घेतलं. मला हे गेल्या शतकातलं अत्यंत सुंदर अभियांत्रिकी वाटतं. नवं काही न मागता, असलेल्यातून काढलेलं.

हवेलीला ही गोष्ट नवी नव्हती. २ ऑगस्ट १९५४ला सिल्वासा पोर्तुगीजांपासून मुक्त झालं. त्या लढ्यात महाराष्ट्रातून गेलेले स्वयंसेवक होते, सुधीर फडके त्यांत होते, बाबासाहेब पुरंदरे होते. तिथे पोर्तुगीजांकडून हाती लागलेले बिनतारी संच पुढे गोव्याच्या लढ्याच्या कामी आले. त्यांच्यातून प्रक्षेपक तयार झाला आणि २५ नोव्हेंबर १९५५पासून गोवा मुक्त होईपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोव्याच्या सीमेवरच्या जंगलातून त्यावर गुप्त नभोवाणी केंद्र चालवलं. पोर्तुगीज राजवटीच्या निरोपांसाठी आणलेलं यंत्र त्याच राजवटीविरुद्ध बोलायला लागलं. मोडेमच्या ओळखीत ही आठवण मुद्दाम घालतो आहे. दळणवळणाची साधनं ज्यासाठी आणली त्यापेक्षा मोठं काम करू शकतात, याचा दाखला याच मातीत आहे.

आता जुन्या घरगुती संगणकाकडे येऊ. समजा, ४८६ किंवा पहिल्या पिढीचा पेंटियम आहे. बाहेरचा मोडेम सिरियल पोर्टला लागतो. एका टोकाला नऊ पिना, दुसऱ्याला पंचवीस. पोर्ट दोन असतात, कॉम १ आणि कॉम २, आणि कॉम १वर बहुतेक वेळा माउस बसलेला असतो. मोडेम कॉम २ला लावला तर भांडण नाही. पण स्वस्त म्हणून आतला कार्ड-मोडेम घेतला आणि तो कॉम ३वर बसला, तर तो आणि कॉम १वरचा माउस दोघेही प्रोसेसरला एकाच वाटेने हाक मारतात, इंटरप्ट ४. मग नेट लागलं की माउस थिजतो, माउस हलवला की नेट अडकतं. कार्डावरचा इवलासा जंपर चिमट्याने उपटून पुढच्या दोन पिनांवर बसवला की दुखणं संपतं. हा जंपर तांदळाच्या दाण्याएवढा असतो आणि हातातून सुटला की फरशीवर सापडत नाही. त्या काळी संगणक दुरुस्त करणारी मंडळी शर्टाच्या खिशात दोन-चार जास्तीचे ठेवायची.

दुसरी अडचण आणखी आत असते. जुन्या मशिनच्या सिरियल पोर्टवरची चिप ८२५० जातीची असेल तर तिच्यात एका वेळी एकच अक्षर मावतं. प्रोसेसरने ते उचलायला जरा उशीर केला की मागून आलेलं अक्षर त्यावर पडतं आणि आधीचं हरवतं. १६५५०ए या चिपमध्ये सोळा अक्षरांची जागा असते. म्हणून जाणकार माणूस नवा मोडेम विकण्याआधी विचारायचा, ‘पोर्ट कुठला आहे?’ ग्राहकाला तो प्रश्न अनाठायी वाटायचा, पण वेग कमी पडण्याचं कारण बरेचदा त्यातच असायचं.

आणि तिसरी अडचण खास आपल्याकडची. अमेरिकेतल्या टेलिफोनचा डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झच्या दोन सुरांचा. आपल्याकडचा ४०० हर्ट्झचा, थरथरता. परदेशी सेटिंगचा मोडेम रिसीव्हर उचलल्यासारखी लाइन धरायचा, ऐकायचा आणि ‘डायल टोन नाही’ असा संदेश देऊन मोकळा व्हायचा, फोन शेजारी खणखणीत चालू असताना. त्यावर उपाय एका ओळीचा होता: मोडेमच्या जादा आज्ञांच्या चौकटीत ‘एक्स ३’ लिहायचं किंवा ‘डायल टोनची वाट पाहा’ यापुढची खूण काढायची. गावचं एक्स्चेंज अजून जुनं असेल तर टोन डायलिंगऐवजी पल्स डायलिंग निवडायचं, ‘एटीडीटी’च्या जागी ‘एटीडीपी’. या आज्ञांचा हा ढाचा १९८१च्या हेझ स्मार्टमोडेमचा. तो इतका साधा होता की नंतरच्या जवळजवळ प्रत्येक मोडेमने तोच उचलला.

मग विंडोजमध्ये डायल-अप नेटवर्किंग हा घटक सीडीवरून चढवायचा, टीसीपी/आयपी घालायचं, बाकीचे दोन प्रोटोकॉल सोडून द्यायचे, नाहीतर जोडणी उगीच रेंगाळते. नंबर, युजर नेम, पासवर्ड. १९९८च्या इंटरनेट धोरणाने खासगी कंपन्यांना वाव मिळाला, आणि पुढे १७२ने सुरू होणारे नंबर आले. ज्या गावात इंटरनेटचं केंद्र नाही तिथूनही जवळच्या केंद्रापर्यंतचा हा कॉल स्थानिक दराने धरला जाऊ लागला. माझ्या मते डायल-अपच्या सगळ्या कहाणीत लहान गावांसाठी सर्वांत मोठी घटना हीच. ना नवं यंत्र, ना नवी तार; बिलाच्या एका नियमाने सिल्वासा, डहाणू, तलासरी यांचं मुंबईपासूनचं अंतर पुसलं. दुकानात इंटरनेटसाठी संचारनेटचं कार्ड मिळायचं, मागची पट्टी नाण्याने खरडायची, आकडे वहीत उतरवायचे.

‘कनेक्ट’ दाबल्यावरचा तो आवाज अनेकांच्या कानात अजून आहे. त्याला लोक किंचाळणं म्हणतात. तसं ते नाही, त्यात एक नेटका क्रम आहे. पलीकडून आधी २१०० हर्ट्झचा सूर येतो. वाटेतल्या यंत्रणेने बोलणाऱ्यांच्या सोयीसाठी ठेवलेली प्रतिध्वनी दाबण्याची व्यवस्था तो बंद करतो, कारण आता बोलणारी माणसं नाहीत. मग दोघे आपापल्या क्षमता सांगतात. त्यानंतर एकाच वेळी पुष्कळ सूर सोडून तार तपासली जाते: कुठला सूर पोचतो, कुठला वाटेत मरतो. त्यावरून वेग ठरतो. शेवटचा खरखराट म्हणजे आपलाच परत येणारा आवाज वजा करायला दोघांनी शिकणं. हे सगळं काही सेकंदांत. बाहेरच्या मोडेमवरचा कॅरियरचा दिवा लागला की स्पीकर आपोआप गप्प होतो. घर झोपलेलं असेल तर ‘एम शून्य’ ही आज्ञा सुरुवातीलाच त्याला मुका करायची. रात्रीचा दर पकडणाऱ्यांनी ती पाठ केलेली असायची.

तारेची परीक्षा खरी पावसाळ्यात. एक्स्चेंजपासून खानवेलकडे जाणाऱ्या रस्त्याने वासोण्यासारख्या गावाकडे जावं तसा तांब्याचा पल्ला वाढतो, आणि पल्ला वाढला की वरचे सूर आधी विरतात. त्यात जून ते सप्टेंबर तारांचे जोड असलेल्या डीपीच्या डब्यात ओल शिरते, जोड हिरवे पडतात, फोनवर घरघर येते. बोलणारा ‘जरा मोठ्याने’ म्हणून वेळ निभावतो. मोडेम मात्र ३३.६वरून २८.८वर, तिथून १४.४वर उतरतो आणि शेवटी सोडून देतो. ५६ केचा वेग तर वाटेत एकाच ठिकाणी रूपांतर झालं तरच मिळायचा, तोही फक्त येणाऱ्या माहितीला. एक फ्लॉपीभर फाइल ३३.६ने सहाएक मिनिटांत यायची, सुरुवातीच्या ९.६च्या काळात वीस मिनिटांत. मराठी वर्तमानपत्राची साइट उघडायची तर आधी त्या पत्राचा फाँट उतरवावा लागे, कारण प्रत्येकाचा फाँट वेगळा होता. आणि मे महिन्यातला वळीव किंवा ऑक्टोबरचा गडगडाट सुरू झाला की आधी भिंतीवरच्या रोझेटमधून मोडेमची पिन उपटायची. तारेवरून आलेल्या विजेने मोडेम तर जायचाच, कधी मदरबोर्डही.

घरातही नियम होते. समांतर फोन कुणी उचलला की लाइन कट. ‘नेट चालू आहे, फोन उचलू नका’ ही आरोळी आतल्या खोलीतून यायची आणि मावशीचा फोन तासभर लागत नव्हता म्हणून दुसऱ्या दिवशी विचारणा व्हायची. मला त्यातलं एक फार मोलाचं वाटतं: जायचं कशासाठी हे ठरवून माणसं नेटवर जायची. पत्रं आधी लिहून ठेवायची, जोडणी लावायची, पाठवायची, आलेली उतरवायची, लाइन सोडायची, मग सावकाश वाचायची. १९९६च्या गणेश चतुर्थीला अमेरिकेतून सुरू झालेल्या मायबोली या मराठी संकेतस्थळासारख्या जागी पोचलेले मराठी लोक तास मोजून एकमेकांना भेटत होते.

१४ जानेवारी २००५ला बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं, तेही याच तांब्यावरून, फक्त आवाजाच्या वरच्या पट्ट्यातून. अमेरिकेत एओएलने आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ला बंद केली. आज घरातल्या फायबरच्या फोनला मोडेम लावून उपयोग नाही. तिथे आवाज पुड्यांमध्ये बांधून जातो, कधी दाबलाही जातो. कानाला ते कळत नाही, मोडेमला लगेच कळतं.

तरीही जुना संगणक माळ्यावर असेल तर तो जोडून बघता येतो, आणि बघावा. कारखान्यात किंवा ऑफिसात लहान इंटरकॉम एक्स्चेंज बरेचदा असतं. त्याच्या दोन ॲनालॉग एक्स्टेन्शनांना दोन मोडेम लावायचे. एकीकडे जुनं विंडोज, दुसरीकडे लिनक्सवर पीपीपी चालवून फोन उचलणारा संगणक, आणि इंटरकॉमचा टोन वेगळा म्हणून पुन्हा ‘एक्स ३’. नवा संगणक आपलं इंटरनेट जुन्याला वाटून देतो. सुरू करण्याआधी मदरबोर्डवरची बॅटरी बघा: नाण्यासारखी असेल तर बदलता येते, डाखलेली नळकांडी असेल तर तिने आसपासच्या रेषा खाल्ल्या नाहीत ना, हे तपासा. आणि मोडेमसोबतचा अडॅप्टर टाकून देऊ नका. अनेक बाहेरच्या मोडेमांना डीसी नव्हे, एसी अडॅप्टर लागतो, पिन मात्र सारखीच असते. तो हरवला असेल तर मोडेमच्या बुडाशी छापलेलं वाचूनच दुसरा घ्या.