आठ गुंठ्यांचे मैदान

एरवी मी आपल्याशी हुमणीबद्दल, खोडव्याच्या पाचटाबद्दल, नाहीतर माती परीक्षणाबद्दल बोलतो. आजचा विषय फुटबॉलचा आहे. पण त्यात रान आहे, ऊस आहे, गुऱ्हाळ आहे आणि आमच्या घरातला एक न मिटलेला हिशेबही आहे. तेव्हा मंडळींनी पान उलटू नये.

माझे गाव करवीर तालुक्यात, भोगावतीच्या अंगाला. जन्म १९७१ चा. आमच्या लहानपणी खेळ ऋतूप्रमाणे यायचे आणि जायचे, जशी पिके येतात-जातात. पंचमीला मुलींचे झिम्मा-फुगडी. सुगी झाली की खळ्यावर चांदण्यात आट्यापाट्या. जनावरे राखायला गेलो की ओढ्याकाठच्या वडावर सूरपारंबी, आणि खाली खापऱ्यांची लगोरी. विटीदांडूला बाभळीची फांदी पुरे. एकाही खेळाला घरातून पैसा मागावा लागत नसे, आणि मागितला असता तरी मिळाला नसता. वेळ मात्र चोरावाच लागे. शेतकऱ्याच्या घरी खेळासाठी म्हणून वेगळा वेळ नसतो. पाण्याची पाळी आणि वैरण यांच्या फटीत जो सापडेल तो आपला.

फुटबॉल आमच्याकडे आला तो गुळाच्या गाडीबरोबर. १९८१ च्या हिवाळ्यात आबा गुळाचे रवे घेऊन कोल्हापूरच्या मार्केट यार्डात निघाले होते. बरोबर मी आणि माझ्याहून चार वर्षांनी मोठा दादा. पहाटे गाडी जुंपली, सकाळी सौदा झाला. पट्टी मिळायला उशीर होता म्हणून अडत्याकडे बैल बांधून आबा आम्हाला शाहू स्टेडियमवर घेऊन गेले. त्या जागी पूर्वी रावणेश्वराचे तळे होते, ते बुजवून मैदान केले, हे आबांनी वाटेत सांगितले. मला ते खरे वाटेना. तळ्यात माणसे कशी मावतील एवढी?

कोल्हापूरच्या फुटबॉलची गंमत अशी की संघांची नावे तालमींची. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. जिथे पोरे कुस्ती शिकली त्याच तालमींनी संस्थानकाळापासून हा साहेबांचा खेळ आपलासा केला. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांची चुरस तर भावकीच्या बांधासारखी, पिढ्यान्‌पिढ्या चाललेली. त्या दिवशी पायऱ्यांवर हलगी वाजत होती, शिव्यांचा पाऊस पडत होता. आबा कुस्तीचे शौकीन. अर्धा सामना गप्प बसून त्यांनी पाहिला आणि म्हणाले, "ही बी कुस्तीच हाय रं. खालनं जोर हाय त्योच उभा ऱ्हातोय."

मी चेंडू पाहत होतो. दादा मात्र सारा वेळ एकाच माणसाकडे पाहत होता, गोलकीपरकडे.

घरी येऊन आम्ही चिंध्यांचा चेंडू केला. आत सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे, वर आईच्या फाटक्या लुगड्याच्या पट्ट्या, त्यावर सुतळीची वीण. कोरडा असला तर थोडी उसळी घेई. दवात भिजला की दगड. त्या चेंडूने पायाची नखे किती गेली याची गणती नाही. दोन वर्षांनी गावातल्या पोरांनी मिळून भुईमुगाचा सरवा वेचला, त्या शेंगा विकल्या आणि कोल्हापुरातून चामड्याचा खरा फुटबॉल आणला. आत रबरी ब्लॅडर, वर वादी आवळायची. पंक्चर झाला की सायकलवाल्याकडे न्यायचा. तो चेंडू आमच्या घरी कणगीत असायचा, कारण आईवर साऱ्या पोरांचा विश्वास होता.

खेळायची जागा म्हणजे भात काढलेले रान. एका अंगाला ओढा, तीन अंगांना ऊस. माझा खेळ बेताचाच, म्हणून उसातला चेंडू काढून आणायचे काम माझ्याकडे. ज्यांनी आडसाली उसात शिरून पाहिले आहे त्यांनाच ते कळेल. पाल्याने हात, मान, कान कापले जातात आणि घाम लागला की आग होते. वर उसाचा मालक काठी घेऊन उभा. दादा मात्र दोन दगडांमध्ये उभा राहिला की चेंडू आत जाऊ देत नसे. गवताची गंजी रचताना खालून फेकलेली पेंढी तो वर उभा राहून अलगद झेलायचा. हात तिथेच तयार झाले असावेत.

१९८६ चा विश्वचषक आम्ही गावात पाहिला. टी. व्ही. दोनच घरी, तेही काळे-पांढरे. सामने मेक्सिकोत भर दुपारी, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकराला. २२ जूनची रात्र, मृग सरून आर्द्रा लागलेली. बाहेर पाऊस, आत ओट्यापर्यंत माणसे. अर्जेंटिनाच्या मॅराडोनाने इंग्लंडवर पहिला गोल चक्क हाताने ढकलला आणि चारच मिनिटांनी दुसरा असा केला, की स्वतःच्या अर्ध्या मैदानातून निघून गोलरक्षकासह पाच जणांना मागे टाकले. ओटा डोक्यावर घेतला आम्ही. परत येताना दादा मात्र म्हणाला, "त्यो कीपर लई लौकर खाली बसला." बिचाऱ्या शिल्टनला आमच्या गल्लीत एवढा एकच कैवारी होता.

त्याच हिवाळ्यात, जानेवारी १९८७ मध्ये, शेजारच्या गावच्या यात्रेत सामने झाले. दादाने तीन सामन्यांत एकच गोल खाल्ला. बघायला आलेला कोल्हापूरच्या एका तालमीचा माणूस त्याला म्हणाला, "गुरुवारी सकाळी मैदानावर ये, बघू." दादाने तीन दिवस कुणाला सांगितले नाही. आणि नेमकी गुरुवारीच आमची गुऱ्हाळाची पाळी आली. ऊस तुटून घाण्याशी पडलेला. तुटलेला ऊस दिवसागणिक वजनाला आणि साखरेला कसा घटतो हे मी आता शेतकऱ्यांना समजावून सांगतो. आबांना ते न शिकता ठाऊक होते. पाळी चुकली तर पुढली आठ दिवसांनी. आबा दादाला "जाऊ नको" म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, "चुलवाणावर कोण बसंल?"

मी दहावीत होतो. म्हणालो, मी बसतो. दादाने माझ्याकडे पाहिले. "तुझी धावी हाय. जा, पुस्तक घे." सकाळपासून रात्रीपर्यंत तो चुलवाणात चिपाड ढकलत होता. काहिलीतून रस उतू जात होता, गुळव्या ओरडत होता. दादा एक शब्द बोलला नाही. त्या माणसाकडे तो पुन्हा कधी गेला नाही, आणि आम्हीही घरात तो विषय कधी काढला नाही.

पुढे मी कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात बी. एस्सी. केले. दादा राबला म्हणून माझी फी भरली गेली, आणि स्टेडियमच्या पायऱ्याही मीच झिजवल्या. शनिवारी गावी गेलो की जेवताना तो एवढेच विचारायचा, "कीपर कोण हुता?" मी सांगायचो. तो मान हलवायचा आणि भाकरी मोडायचा. ती भाकरी माझ्या घशाखाली जड उतरत असे, हे आज लिहितो आहे, त्याला कधी सांगितले नाही.

नोकरीत अनेक तालुके फिरलो. गावात शिरलो की माझी नजर आधी मैदान शोधते, मग मृदा-नमुन्याची जागा. बहुतेक ठिकाणी क्रिकेट दिसले, आणि जागा दरसाल आखडत गेलेली. गायरानात पाण्याची टाकी आली, मग सभागृह आले, शाळेच्या अंगणात फरशा बसल्या. कुणी मुद्दाम केले असे नाही. प्रत्येक गोष्ट गावाच्या गरजेचीच होती.

२०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला आणि आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्या वेळी दादाने घरचा टी. व्ही. अंगणात आणून ठेवला. आपण तिन्ही सामने हरलो. पण कोल्हापूरचे पोर विश्वचषकात खेळताना पाहिले म्हणून त्या रात्री आमच्याकडे गोडाचा शिरा झाला. १८ डिसेंबर २०२२ च्या रात्री अर्जेंटिना-फ्रान्स सामना पाहायला मी मुद्दाम गावी गेलो. ३-३ अशी बरोबरी, जादा वेळ संपत आलेला, फ्रान्सचा एक गडी एकटाच गोलसमोर, आणि मार्टिनेझने डावा पाय लांबवून चेंडू अडवला. सगळे मेस्सी-मेस्सी करीत होते. दादा उठून उभा राहिला आणि शेजारी बसलेल्या नातीला म्हणाला, "बघितलंस? ह्येला म्हंत्यात कीपर."

ती पोर तेव्हापासून गोलात उभी राहते. आता अकरा वर्षांची आहे. गावची पंधरा-वीस मुले, त्यात पाच-सहा मुली, भात निघाल्यावर आमच्याच आठ गुंठ्यांच्या तुकड्यात खेळतात. मोठ्या सामन्याचे मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद धरले तर सुमारे ७० गुंठे होतात, म्हणजे पावणेदोन एकर. एवढे रान कुणी पोरांसाठी मोकळे टाकणार नाही. पण आठ गुंठे म्हणजे ४० मीटर बाय २० मीटर. पाच-पाच जणांचा खेळ तेवढ्यात व्यवस्थित बसतो. ज्यांचे भाताचे रान दोन महिने मोकळे राहते त्यांनी एवढे करावे : धसकटे बुडातून काढून घ्यावीत, आणि ओल असेपर्यंत कुणालाही आत सोडू नये. ओल्या रानात पाय पडले तर माती दबून घट्ट बसते. वाफसा येऊन रान कोरडे झाले की अनवाणी पोरांच्या धावण्याने काही बिघडत नाही; ट्रॅक्टरच्या एका फेऱ्याने त्याहून जास्त बिघडते. बारा वर्षांखालील मुलांना चार नंबरचा लहान चेंडू द्यावा, पायाचे सांधे वाचतात.

हे सगळे मी शेजारच्या गावांत सांगत होतो, आणि गेल्या दिवाळीनंतर घरीच पेच आला. त्या तुकड्यापर्यंत आता पाइपलाइन पोचली आहे. दादा म्हणाला, भात बंद करून ऊस लावतो. एकरी ४० टन धरले तर आठ गुंठ्यांत आठ टन. टनाला तीन हजार धरले तर चोवीस हजार, त्यातून खर्च वजा. आणि ऊस एकदा लागला की लागण, त्यावर खोडवा, जमला तर निडवा. तीन वर्षे रान मोकळे होत नाही. अकरा वर्षांची पोर चौदाची होईल.

मी गप्प बसलेला पाहून तो म्हणाला, "साहेब म्हणून सांग. भाऊ म्हणून नको."

साहेब म्हणून मी सांगितले की तो तुकडा सखल आहे, पावसाळ्यात पाणी तुंबते, तिथे भातच बरे. उसाची मुळे कुजतील, ४० टनांचा उतारा पडणार नाही. हे खरेच आहे, मी बनवून सांगितले नाही. पण ते खरे निघाले याचा मला जो आनंद झाला तो काही साहेबाचा नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. दादा कच्चा शेतकरी नाही. तो लगेच म्हणाला, "मग कडंनं चर काढला की झालं. ओढा तर खालीच हाय." यावर मला उत्तर नव्हते. चर काढून पाण्याचा निचरा करावा, असे गेली तीस वर्षे मीच सांगत आलो आहे.

संध्याकाळी आम्ही दोघे बांधावर उभे होतो. मुले खेळत होती. नात एका बाजूला वाकून उभी, चेंडू उलट बाजूने आत गेला. दादाने चपला बांधावर काढल्या, आत गेला, तिला बाजूला सारून स्वतः दोन बांबूंमध्ये उभा राहिला. साठीला टेकलेला माणूस, धोतराचा सोगा कमरेला खोचलेला. पोरांना म्हणाला, "मार." दोन चेंडू अडवले, तिसरा गेला. तिला म्हणाला, "मारणाऱ्याच्या पायाकडं बघ. चेंडू मागनं येतोय." तासभर तो तिथेच होता. मी बांधावर बसून त्याच्या चपला राखल्या.

त्या वर्षी ऊस लावला नाही. "म्होरल्या साली बघू" म्हणाला. ते म्होरले साल आता आले आहे. आठवड्यापूर्वी त्याचा फोन आला, बेणे सांगून ठेवले आहे म्हणाला. मी विचारले, चर काढलास का?

"न्हाई अजून," तो म्हणाला. "पोरं खेळत्यात तितं. चरात पाय मुरगाळंल कुणाचातरी."