पुढचं प्लेस्टेशन कसं असणार? घेण्याआधी कंपनीचं गणित समजून घ्या

टीव्हीला जोडून गेम खेळायचं 'प्लेस्टेशन' बनवणारी जपानची सोनी कंपनी पुढच्या मशीनच्या तयारीला लागली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनीचे मार्क सर्नी आणि चिप बनवणाऱ्या एएमडीचे जॅक हुइन यांनी व्हिडिओतून त्याची झलक दिली. मशीन यायला अजून काही वर्षं आहेत.

चिपमध्ये नवं काय?
चित्र चांगलं पाहिजे तर चिप मोठी करायची, हा जुना हिशेब. पण मोठी चिप म्हणजे जास्त वीज, जास्त उष्णता आणि जास्त किंमत. म्हणून आता मशीन चित्र कमी बारकाव्यात काढणार आणि राहिलेले बारकावे एआय भरणार. उजेड-सावलीच्या कामाला चिपमध्ये वेगळा भाग राहणार.

कमाई कुठून?
मशीन विकून कंपनीला फारसं सुटत नाही. खरा पैसा गेम, दुसऱ्या कंपन्यांच्या गेमवरचं कमिशन आणि वर्गणीतून येतो. प्रिंटर स्वस्त, शाई महाग, तसाच हा प्रकार.

आपल्याकडे कधी?
प्लेस्टेशन ५ परदेशात नोव्हेंबर २०२० ला आलं, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला. डिस्कवाल्या मशीनची किंमत होती ४९,९९० रुपये आणि सोनीचा एकेक मोठा गेम ४,९९९ रुपयांना.

त्यामुळे पोरांनी हट्ट धरला तर नुसता मशीनचा हप्ता बघू नका, गेमचा खर्चही धरा. डिस्कवालं मॉडेल घेतलं तर वापरलेली डिस्क घेता-विकता येते. बिनडिस्कच्या मॉडेलला गेम नेटवरूनच घ्यावा लागतो. मोठे गेम १०० जीबीच्या आसपास जातात. मोबाईलच्या रोजच्या डेटावर ते भागत नाही.